एएमसीत काय येतं आणि काय येत नाही, हे कागदावर आणा

वाचकाचं पत्र

आम्ही दोघे मित्र चार वर्षांपासून बेळगावात कॉम्प्युटर सर्व्हिसचं काम करतो. टिळकवाडीत भाड्याचं छोटं दुकान आहे, हाताखाली एक पोरगा आहे. ४० ग्राहक आहेत: उद्यमबागचे फाउंड्रीवाले, शहापूरचे साडी दुकानदार, रविवार पेठेतले होलसेलवाले, खानापुरातली भात गिरणी, दोन छापखाने आणि महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातले एक काजू कारखानदार. गेल्या वर्षी उलाढाल १७ लाख झाली, त्यातले ११ लाख हार्डवेअरचे. तरी दर महिन्याला दोघांच्या हातात जेमतेम दहा-दहा हजार पडतात. भाडं ९ हजार, पोराचा पगार १५ हजार, पेट्रोल ६ हजार, फोन-इंटरनेट २ हजार. एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, त्याचे मशीनला वर्षाला १,२०० रुपये घेतो. अडीच लाखाची उधारी बाजारात अडकली आहे.

त्यात मागच्या आठवड्यात उद्यमबागच्या एका ग्राहकाच्या टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या) मशीनवर रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, आला. सगळ्या फायली लॉक. त्यांच्या अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून आमच्याच पोरानं राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडून दिलं होतं. बॅकअपची हार्ड डिस्क मशीनलाच लावलेली होती, तीही गेली. मालक म्हणतात, "तुमीच बघत होता न्हवं, आता चार लाख तुमीच भरा." आम्ही भरायचे का? आणखी एक माणूस ठेवला तर धंदा सुधारेल का? जीएसटी नंबर घ्यावा का? सीसीटीव्हीची कामं घ्यावीत का?

– एक वाचक, बेळगाव

उत्तर

नमस्कार. चार प्रश्नांपैकी पहिल्याला वेळेचं बंधन आहे, म्हणून आधी तो घेऊ.

ते मशीन अजून फॉरमॅट केलं नसेल तर करू नका. लॅनची केबल काढा, वायफाय बंद करा, आणि ती डिस्क बाहेर काढून जशीच्या तशी बाजूला ठेवा. नवीन एसएसडी घालून त्यावर काम सुरू करा. लॉक झालेल्या फायली आज निरुपयोगी वाटतात, पण काही रॅन्समवेअरची किल्ली पुढे कधीतरी सापडते. 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल या युरोपातल्या पोलीस संघटनेच्या सहभागानं २०१६ मध्ये सुरू झालेल्या संकेतस्थळावर लॉक झालेली एक फाइल आणि खंडणीची चिठ्ठी चढवली की किल्ली उपलब्ध आहे का ते फुकट कळतं. खंडणी भरू नका. पैसे भरूनही फायली परत मिळतील याची हमी कुणी देत नाही.

तक्रारीचंही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ते राहून गेलं असेल तर आज कळवा. शहरातल्या सीईएन (सायबर गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार मालकांच्या सहीनं जाऊ दे. विमा असेल तर तिथे आणि पुढे हिशेबाच्या तपासणीत हा कागद लागतो.

आता डेटा. तो गेला असं सगळे म्हणतात, पण टॅलीतला बराचसा मजकूर दुसरीकडे पडलेला असतो. पहिला फोन सीएना करा. मार्चअखेरच्या ऑडिटसाठी त्यांनी कंपनीची प्रत घेतलेली असते, म्हणजे ३१ मार्चपर्यंतचं हाताला लागलं. तिथून पुढची विक्री जीएसटी पोर्टलवर भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रातून निघते. नोंदणीकृत गिऱ्हाइकांची बिलं त्यात एकेक मिळतात, किरकोळ विक्रीची मात्र फक्त बेरीज. खरेदी जीएसटीआर-२बी मधून, मालाची ये-जा ई-वे बिल पोर्टलवरून, पैशांची देवघेव नेट बँकिंगमधून एक्सेलमध्ये. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर त्यांची ई-इनव्हॉइसही पोर्टलवर आहेत. टॅलीप्राइममध्ये एक्सेलमधून व्हाउचर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी, आयात करता येतात. राहिलेली रोख व्हाउचरं आणि मजुरीच्या नोंदी हातानं माराव्या लागतील. ग्राहक प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या हिशेबाला एडिट लॉग (कुठली नोंद कधी बदलली याची यादी) सक्तीचा आहे, तेव्हा नव्या मशीनवर तो चालू आहे ना हे पहिल्या दिवशीच बघा.

चार लाख भरायचे का? नाही. पण हात झटकूनही चालणार नाही. पोर्ट तुमच्या माणसानं उघडलं, डिस्क लावलेलीच ठेवली हेही तुमच्या कुणाच्या डोळ्याला खुपलं नाही. हे मालकांना समोर बसून, त्यांनी विचारायच्या आधी सांगा. नवीन एसएसडी, तुमची सगळी मजुरी आणि नोंदी मारायला बसणाऱ्या ऑपरेटरचा पगार तुमच्या अंगावर घ्या, आणि त्या आकड्यावर लेखी समझोता करून दोघांच्या सह्या घ्या. त्यापुढची रक्कम मान्य करू नका. एएमसीत डेटाची जबाबदारी कुणाची हे कुठेच लिहिलेलं नाही. त्यामुळे ती सगळी तुमची असं मालक म्हणू शकतात, आणि अजिबात नाही असं तुम्हालाही म्हणता येत नाही. तुमच्या धंद्यातलं बहुतेक दुखणं या न लिहिलेल्या ओळीत आहे. हातात दहा हजार पडतात त्याचं कारणही तेच आहे.

आधी ती भगदाडं बुजवा. ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट इंटरनेटवर उघडं असलं की ते शोधत फिरणारे प्रोग्राम तिथे पोचतात आणि रात्रभर पासवर्ड घालून बघतात. ३३८९ चं ३३९० केल्यानं काही होत नाही, तेही सापडतं. चाळीसही ग्राहकांच्या राउटरमध्ये शिरा, पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा आणि तिथल्या नोंदी पुसा. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसाठी (रेकॉर्डरसाठी) उघडलेलं पोर्टही यात आलं. घरून काम करणाऱ्या अकाउंटंटला वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात यायचा कुलूपबंद रस्ता, लावून द्या. एका मशीनला अर्धा तास लागतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशी मशीनं किती ग्राहकांकडे आहेत याची यादी या फेरीतच करून टाका.

बॅकअपची रीत सगळीकडे एकच ठेवा, म्हणजे पोराच्या हातात बसेल. रोज संध्याकाळी सगळ्यांनी टॅली बंद केल्यावर टॅलीच्याच बॅकअप सोयीनं दुसऱ्या मशीनवर प्रत घ्यायची. चालू टॅलीचं डेटा फोल्डर नुसतं कॉपी-पेस्ट केलं की ती प्रत बिघडलेली निघू शकते आणि हे ऐन वेळी कळतं. शिवाय दोन बाहेरच्या डिस्क, एकीवर लाल चिकटपट्टी, दुसरीवर निळी. शनिवारी एक मशीनला लावायची, प्रत घ्यायची, काढायची आणि मालकांच्या घरी पाठवायची. पुढच्या शनिवारी दुसरी. मशीनला कायम लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरसाठी मशीनचाच भाग असते. तिसरी प्रत पासवर्ड घालून क्लाउडवर.

आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघायची. तुमच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करा, डे बुक उघडा, शेवटच्या विक्री व्हाउचरचा नंबर आणि रक्कम वाचा, चालू मशीनवरच्या त्याच तारखेच्या नोंदीशी ताडून बघा. वहीत लिहा: तारीख, व्हाउचर नंबर, जुळलं की नाही, बघणाऱ्याची सही, ग्राहकाच्या माणसाची सही. दहा मिनिटांचं काम आहे, पण डेटावरून वाद झाला तर तुमच्या बाजूनं बोलणारा हा एकच कागद असेल.

आता पैशांचं. हार्डवेअरवर ६ टक्के सुटतात असं धरलं तर ११ लाखांवर वर्षाला ६६ हजार, महिन्याला साडेपाच हजार. सर्व्हिसचे वर्षाला ६ लाख, महिन्याला ५० हजार. एकूण साडेपंचावन्न. पत्रातला खर्च ३२ हजार, त्यात हत्यारं, लॅपटॉपची झीज आणि हिशेबनिसाचे ४ हजार घाला, झाले ३६. उरले साडेएकोणीस हजार, म्हणजे तुम्ही म्हणता ते दहा-दहा बरोबर आहेत. पैसा कुठे गळत नाहीये. दरच चुकीचा आहे.

दर असा काढा. तुम्हा दोघांना प्रत्येकी २५ हजार मिळायला हवेत. मग महिन्याचा खरा खर्च ८६ हजार. तीन माणसं, २५ दिवस, ८ तास, म्हणजे ६०० तास. यातला निम्मा वेळ रस्त्यावर, डीलरकडे, वसुलीत आणि चहाच्या टपरीवर फोन घेण्यात जातो. विकता येण्यासारखे ३०० तास. भागाकार केला की तासाला २८७ रुपये. बुडीत उधारी आणि मंदीचे दिवस धरून ३५०. यात फायदा नाही, नुसता तुमचा तासाचा खर्च भरून निघतो.

आता आठ मशीनचा एक ग्राहक घ्या. १,२०० प्रमाणे वर्षाला ९,६००, महिन्याला ८०० रुपये, म्हणजे सव्वादोन तास. प्रत्यक्षात तो महिन्याला नऊ वेळा फोन करतो आणि दर वेळी ४० मिनिटं जातात. सहा तास झाले, २,१०० रुपये. दर महिन्याला १,३०० रुपये तुम्ही त्याला स्वतःच्या खिशातून देता, आणि तरी तो "वेळेवर येत नाही" म्हणून नाराज असतो. असे ग्राहक वाढवायला आणखी माणूस ठेवलात तर तोटाच वाढेल. म्हणून आत्ता माणूस ठेवू नका.

चार आठवडे प्रत्येक कॉल लिहून काढा: ग्राहक, मशीन, तक्रार, किती मिनिटं, जावं लागलं की रिमोटवर झालं. मोबाइलवर सामायिक एक्सेल शीट पुरे. मग वर्षाचा नाही, महिन्याचा दर लावा: साध्या मशीनला २५०, टॅली किंवा सर्व्हरच्या मशीनला ८००. आठ मशीनचे २,५५० होतात. तिमाही आगाऊ, ७,६५०. काही ग्राहक जातील, त्यांना गोडीनं जाऊ द्या आणि त्यांच्यासाठी कॉलला ५०० असा रोखीचा दर ठेवा. चाळीसातले २५ राहिले आणि सरासरी अडीच हजार आले तरी महिन्याला ६२,५०० होतात. आज चाळीस जणांकडून ५० हजार येतात.

दर वाढवताना समोर दोन पानांचा करार ठेवा, नाहीतर ती नुसती दरवाढ वाटते. त्यात मशीनची यादी नंबरासकट. सकाळी १० ते संध्याकाळी ६.३० ही वेळ. काम पूर्ण थांबलं असेल तर ४ तासांत प्रतिसाद, किरकोळ असेल तर दुसऱ्या दिवशी. आधी रिमोट, महिन्याला दोन फेऱ्या आत, तिसरीपासून वेगळे पैसे. खानापूरच्या फेरीचं भाडं वेगळं. काय येत नाही ते ठळक अक्षरात: सुटे भाग, प्रिंटरचे ड्रम आणि टोनर, विजेनं जळालेलं, ऑपरेटरच्या चुकीच्या नोंदी, बाहेरच्या माणसानं केलेले बदल. डेटाची ओळ नीट लिहा: बॅकअप बसवणं आणि महिन्याला तपासणं तुमचं काम, शनिवारी डिस्क बदलणं ग्राहकाचं. शेवटी, कुठल्याही नुकसानीत तुमची जबाबदारी मागच्या बारा महिन्यांत मिळालेल्या एएमसीच्या रकमेपुरती. हा मसुदा एकदा वकिलाला दाखवा. कन्नड वाचणाऱ्या मालकांसाठी कन्नड प्रतही करा. न समजलेल्या कागदावर घेतलेली सही वादात कामाला येत नाही.

क्रॅक सॉफ्टवेअर टाकून देणार नाही हेही करारात असू द्या. अशा ॲक्टिव्हेटरना चालण्यासाठी विंडोजचा अँटिव्हायरस बंद करावा लागतो, आणि तो पुन्हा चालू करायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बी प्रमाणे चोरीचा प्रोग्राम जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड होऊ शकतो. मालकांना हे आकडे सांगितले की "सगळेच वापरतात" हे वाक्य सहसा पुन्हा निघत नाही.

कामाची आखणी ग्राहकांच्या कॅलेंडरवर करा. जीएसटीआर-१ ची ११ तारीख आणि कर भरायच्या जीएसटीआर-३बी ची २० तारीख. ८ ते ११ आणि १७ ते २० या दिवसांत कुणाचं मशीन बदलायला, विंडोज चढवायला, नेटवर्क हलवायला घेऊ नका. मार्चचा शेवटचा आठवडा आणि एप्रिलचा पहिला मोकळाच ठेवा: नवीन वर्षाची बिलांची नंबरमालिका सुरू करताना फोन थांबत नाहीत. ई-वे बिलाच्या लॉगिनला १ एप्रिल २०२५ पासून सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो मालकांच्या मोबाइलवर येतो, मालक लग्नाला गेलेले असतात आणि गाडी गेटवर उभी असते. प्रत्येक ग्राहकाकडे वापरणाऱ्यांचे वेगवेगळे सब-लॉगिन काढून त्यांचे मोबाइल जोडून ठेवा. हा एक त्रास कायमचा मिटतो.

एप्रिल-मेचा वळीव यायच्या आधी प्रत्येक ठिकाणी अर्थिंग मोजा. मल्टिमीटर एसीवर लावून सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल बघा, मग न्यूट्रल-अर्थ. दुसरा आकडा २-३ व्होल्टच्या आत हवा. १५-२० दाखवत असेल, किंवा भट्टी चालू झाल्यावर आकडा नाचायला लागत असेल, तर वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या आणि तोवर नवीन स्विच, राउटर काही बसवू नका. गडगडाट झाला की लॅनचे पोर्ट मरतात ते बहुतेक दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलमुळे: ऑफिस एका अर्थिंगवर, शेड दुसऱ्यावर, आणि मधला धक्का कॅट-६ मधून मशीनच्या मदरबोर्डपर्यंत येतो. तिथे फायबर टाका. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याची केबल फायबरला जोडणारे डबे) आणि बाहेर टाकायची तयार फायबर केबल एवढंच लागतं, आणि ती वीज वाहत नाही. तांब्याची केबल जिथे टाकाल तिथे शुद्ध तांब्याचीच घ्या आणि ९०-१०० मीटरच्या पुढे जाऊ नका. बाजारात स्वस्तात मिळते ती बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. सुरीनं तार खरवडा, आत पांढरी चमक दिसली तर परत करा. तिच्यावरून पीओई (लॅनच्या केबलमधूनच वीज घेणारे) कॅमेरे रात्री इन्फ्रारेड लागला की बंद पडतात, आणि दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

फाउंड्रीच्या मशीनचं दुखणं वेगळं आहे. तिथली धूळ लोखंडाची आणि ग्रॅफाइटची, वीज वाहणारी. ती एसएमपीएसमध्ये (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात) बसली आणि पावसाळ्यात दमट झाली की चालू करताक्षणी फट्‌ आवाज येतो. मशीन शेडमधून उचलून केबिनमध्ये घ्या, जमत नसेल तर जाळीच्या फिल्टरचं कॅबिनेट लावा, आणि दर दोन महिन्यांनी उघड्यावर नेऊन ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरा. मोकळा फिरू दिला तर बेअरिंग जातं.

छापखान्यांचं जुनं मशीन मात्र सुधारायला जाऊ नका. मराठी आणि कन्नड पत्रिकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात, त्यांचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालतं आणि नव्या विंडोजवर डोंगलचा ड्रायव्हर बसत नाही. मशीन इंटरनेटपासून तोडा, त्याच्या डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवा, फायली ने-आण करायला एकच पेनड्राइव्ह ठेवा आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर तपासला जाऊ दे. डोंगल हरवणं हीच तिथली खरी आपत्ती आहे. तो मागच्या पोर्टला लावून चिकटपट्टीनं बांधा.

प्रत्येक मशीनवर एक चिठ्ठी चिकटवा, वर कन्नड, खाली मराठी: मशीनचा नंबर, तुमच्या फर्मचा एकच व्हॉट्सॲप नंबर, आणि "स्क्रीनचा फोटो काढून मशीन नंबरासह पाठवा." तुमचे आणि पोराचे खासगी नंबर ग्राहकांकडून हळूहळू काढून घ्या. "अहो, जरा येऊन बघा की" या फोनमागे निम्म्या वेळा प्रिंटरची सुटलेली केबल असते, आणि ती फोटोत दिसते.

उधारीवर एकच कडक नियम करा: हार्डवेअर स्वतःच्या पैशानं घालायचं नाही. ६ टक्के मार्जिनवर ४० हजारांचा लॅपटॉप उधार दिलात तर २,४०० कमवायला ३७,६०० अडकतात. तेवढ्यात डीलरचे पंधरा दिवस भरतात आणि पैसे तुम्ही भरता. ग्राहकाला डीलरकडून थेट बिल घेऊ द्या, तुम्ही निवडीचे आणि बसवण्याचे पैसे घ्या. सर्व्हिसच्या बिलासाठी उद्यम ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी करा, ती पूर्ण फुकट आहे, आणि नंबर बिलावर छापा. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानं लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या अशा बिलाचा खर्च ग्राहकाला त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरता येतो. मालकांशी भांडण्यापेक्षा फेब्रुवारीत थकबाकीचं पत्र उद्यम नंबरासह त्यांच्या सीएना पाठवा. नोंदणीच्या आधीच्या बिलांना हा कायदा लागू होईल असं मात्र धरून चालू नका, जुन्या अडीच लाखांचं आधी सीएना विचारा. ही वाट सर्व्हिसच्या बिलांची आहे, म्हणून ते अडीच लाख सर्व्हिसचे किती आणि मालाचे किती ते वेगळं करा.

जीएसटीचा प्रश्न सीमेमुळे तुमच्याकडे थोडा नाजूक आहे. फक्त माल विकणाऱ्याची ४० लाखांची मर्यादा तुम्हाला लागू नाही. सेवा आणि माल दोन्ही असले की २० लाखांची, आणि दोन्हींची बेरीज धरून. १७ लाखांवर तुम्ही उंबरठ्यावर आहात. चंदगडच्या काजू कारखान्याला नुसती सेवा दिलीत तर राज्य वेगळं असूनही २० लाखांपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण बेळगावातून तिथे एक प्रिंटर विकून पोचवलात की ती आंतरराज्य मालविक्री झाली, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. हार्डवेअर थेट डीलरच्या बिलावर गेलं की दोन्ही कटकटी कमी होतात. तरीही तुमचे बहुतेक ग्राहक नोंदणीकृत असतील तर स्वतःहून नंबर घ्या असंच आमचं मत आहे. १८ टक्क्यांचं त्यांना क्रेडिट मिळतं, तुम्हाला तुमच्या खरेदीचं. मग बेळगावच्या बिलात केंद्राचे ९ अधिक राज्याचे ९, चंदगडच्या बिलात १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी. काम नसलं तरी शून्याचं रिटर्न भरायला विसरू नका.

सीसीटीव्ही घ्या, पण एएमसीत मिसळू नका आणि डिस्कचा हिशेब आधी लिहून द्या. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा २ एमबीपीएसवर दिवसाला साधारण २१.६ जीबी लिहितो. आठ कॅमेऱ्यांचे १७३ जीबी. २ टीबीची डिस्क ११ दिवसांत भरते, ४ टीबीची २३ दिवसांत. ग्राहकाला महिन्याभराचं हवं असतं, म्हणजे ६ टीबी. हे न सांगता २ टीबी बसवलीत तर चोरी झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा उद्यमबागेतलाच वाद उभा राहील.

पोराबद्दल दोन शब्द. पोर्ट त्यानं उघडलं, पण उघडू नये असं त्याला कुणी सांगितलं होतं का? त्याला कामावरून काढू नका. चाळीस ठिकाणची राउटर तपासणी त्याच्याच हातून, तुमच्यापैकी एकानं शेजारी बसून करून घ्या. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यातून आणि व्हॉट्सॲपमधून काढून बिटवॉर्डन किंवा कीपास अशा पासवर्डच्या तिजोरीत आणा. ग्राहकाचं डोमेन, गुगल खातं, स्टॅटिक आयपी ग्राहकाच्याच नावावर आणि त्याच्याच मोबाइलवर असू दे, आणि मुख्य पासवर्डचं बंद पाकीट मालकांच्या कपाटात. तुम्हा दोघांमध्येही भागीदारीचं करारपत्र नसेल तर याच महिन्यात करा. एक जण सोडून गेला तर ग्राहक, उधारी आणि नाव कुणाचं, ते त्यात लिहा.

उद्यमबागेत याच शनिवारी जा. दोघंही जा, पोरालाही न्या. लाल आणि निळ्या पट्टीच्या दोन डिस्क, करार दोन प्रतींत आणि बॅकअपची वही बरोबर घ्या. समझोत्यावर बोलणं झालं की सीएकडून आलेली मार्चची प्रत मालकांच्या समोर उघडा आणि शेवटचा व्हाउचर नंबर त्यांना वाचू द्या.